मॉरिशसचे एक वर्ष आणि आपली मादरी जुबान

मॉरिशसचे नाव आपल्या मराठी वर्तमानपत्रांत दोनच कारणांनी येते. एक, मधुचंद्राच्या सहलींच्या जाहिराती. दुसरे, 'सातासमुद्रापार मराठी'. १९९१ साली जागतिक मराठी परिषद तिथे भरली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केले. फेटे बांधलेल्या, नऊवारी नेसलेल्या मंडळींचे फोटो छापून आले आणि आपली भाषा किती दूरवर पोहोचली म्हणून सर्वांचा ऊर भरून आला. त्या आनंदात मला विघ्न आणायचे नाही. पण त्या देशाचे एक वर्ष असे आहे की त्याची आठवण या फोटोंशेजारी कोणी छापत नाही. ते वर्ष म्हणजे १९९५. भाषेचे राजकारण करणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्यात आपले मुस्लिम नेते व मुस्लिम लेखकही आले, ते एकदा नीट वाचायला हवे असे माझे मत आहे.

देश केवढा? मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांच्या पुढे होती. मॉरिशसची १९९५ मध्ये अकरा लाखांच्या आसपास होती आणि आजही साडेबारा लाखांच्या घरात आहे. म्हणजे जोगेश्वरी, अंधेरी, साकीनाका आणि घाटकोपर एवढ्यातच तो देश बसवून वर जागा उरेल. (आपणही बेटावरच राहतो हे आपण विसरून गेलो आहोत. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत सगळे साष्टी बेट आहे. खाडीचा पूल ओलांडताना लोकलमधला कोणी मोबाइलवरून मान वर करत नाही, ती गोष्ट वेगळी.) २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर तिथे उतरले आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे उसाच्या मळ्यांत राबायला नेली गेली. बहुतेक कलकत्त्याहून गेली, काही मद्रासहून, आणि काही आपल्या मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले लोक होते. त्यांचीच मुले-नातवंडे म्हणजे आजचे मॉरिशसचे मराठी. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून जे गेले त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, आणि दोघे एकच भोजपुरी बोलत होते. मागाहून सुरती आणि मेमन व्यापारी आले. आज तिथे सुमारे अठरा टक्के लोक मुस्लिम आहेत.

आता शाळेकडे येऊ, कारण भांडण शाळेतच झाले. त्या काळी तिथे प्राथमिकच्या सहावीला, म्हणजे मूल अकरा वर्षांचे असताना, सीपीई नावाची परीक्षा असे. देशभरातल्या मुलांचे क्रमांक लागत आणि त्या क्रमांकावर ठरे की मूल नामांकित सरकारी कॉलेजात जाणार की कुठल्या तरी सुमार शाळेत. आपल्याकडे बारावीची, नीटची जी दहशत आहे ती तिथे अकराव्या वर्षी होती. क्रमांकासाठी इंग्रजी, फ्रेंच, गणित आणि पर्यावरण हे विषय धरत. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी या 'पौर्वात्य भाषा' शाळेत शिकवल्या जात, मुले सहा वर्षे त्यांचे तास करीत, पेपर देत, पण ते गुण क्रमांकात धरले जात नसत. भारतीय वंशाच्या संघटनांची मागणी होती की ते गुण धरा. आफ्रिकी गुलामांचे वंशज असलेला क्रिओल समाज म्हणत होता, मग आमच्या मुलांनी काय करावे? त्यांच्यासाठी असा कोणताच विषय नव्हता. त्यांची मुले आधीच मागे पडत होती, त्यात आणखी एका विषयाचे गुण दुसऱ्यांच्या पदरात पडणार होते.

वाद वाढत गेला. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ १९८२ पासून सत्तेवर होते. त्यांनी पौर्वात्य भाषांचे गुण धरता यावेत म्हणून थेट घटनादुरुस्तीचे विधेयक आणले. ते पास होईना, तेव्हा त्यांनी संसद विसर्जित केली आणि याच प्रश्नावर लोकांपुढे गेले. २० डिसेंबर १९९५ रोजी निवडणूक झाली. मुख्य बेटावरच्या साठ जागा होत्या. साठच्या साठ विरोधी आघाडीने जिंकल्या. जगन्नाथ स्वतःही पडले आणि नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले. तेरा वर्षांच्या कारभाराला लोक कंटाळलेही होते, त्यामुळे निकाल केवळ भाषेमुळे लागला असे मी म्हणणार नाही. पण जातीय गणित मांडून, 'आपल्या भाषेसाठी' म्हणून मते मागणाऱ्याला त्याच भाषावाल्यांनी एकही जागा दिली नाही, हे विसरता येत नाही. त्या वेळी देशाचे राष्ट्रपती होते कासम उतीम, एक मुसलमान. भांडण धर्मावरून नव्हते, दिसायला तरी नव्हते.

या भांडणात कोणाची बाजू बरोबर होती? शिक्षिका म्हणून मला पहिली बाजू पटते. जो विषय मूल सहा वर्षे शिकते त्याला किंमत नसेल तर तो विषय शाळेत मरतो. मुले त्या तासाला गणिताचा गृहपाठ उरकतात. हे मी रोज पाहते. दुसरी बाजूही खोटी नव्हती. पण दोन्ही बाजूंनी एक साधा प्रश्न टाळला. या सगळ्या मुलांच्या घरी कोणती भाषा बोलत होते? उर्दूचा तास करणारे, मराठीचा तास करणारे, तमिळचा तास करणारे, कोणताच तास न करणारे क्रिओल पोर, सगळी संध्याकाळी गल्लीत खेळताना बहुतेक एकच भाषा बोलत होती, ती म्हणजे क्रिओल. आज तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक घरी तीच बोलतात. ती भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडले. भोजपुरीलाही तेव्हाच जागा मिळाली. सतरा वर्षे आधी ज्या भाषांवरून संसद विसर्जित झाली त्या कोणाच्या ओठांवर फारशा नव्हत्या. त्या फॉर्मवरच्या रकान्यात होत्या.

कारण मॉरिशसमध्ये जनगणनेला दोन वेगळे प्रश्न असतात. तुम्ही घरी काय बोलता, हा एक. तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाने सगळा घोळ केला. पूर्वजांची भाषा म्हणजे आजा-पणजा जे बोलत होता ते, असा सरळ अर्थ कोणी घेतला नाही. अर्थ झाला, तुम्ही कोणत्या जमातीचे? भोजपुरी बोलणाऱ्या मजुराचा मुसलमान नातू लिहू लागला उर्दू आणि त्याच गावच्या, त्याच जहाजातून आलेल्या मजुराचा हिंदू नातू लिहू लागला हिंदी. १९८३ च्या जनगणनेत तर तिथल्या मुसलमानांपैकी मोठ्या संख्येने लोकांनी पूर्वजांची भाषा 'अरबी' लिहिली. आजमगढ-छपऱ्याकडून उसाच्या मळ्यावर गेलेल्या माणसाची भाषा अरबी! पुढच्या जनगणनेत तो आकडा खाली आला. म्हणजे सात वर्षांत पूर्वज बदलले. हसू येते, पण जरा थांबा. आपल्याकडे काय होते ते पुढे सांगतेच आहे.

एकदा भाषेला जमातीचे प्रमाणपत्र केले की मग कशावरूनही रक्त तापते. १९९८ मध्ये मॉरिशसच्या नव्या नोटा निघाल्या. त्यांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली, पूर्वी तमिळ आधी असे. तमिळ समाज रस्त्यावर आला आणि त्या नोटा सरकारला मागे घ्याव्या लागल्या. आपल्या नोटेवरच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत आणि उर्दू सर्वांत शेवटी आहे, निव्वळ इंग्रजी वर्णानुक्रमामुळे. त्यावरून अजून तरी कोणी मोर्चा काढलेला नाही. सुचवू नये म्हणतात, म्हणून इथेच थांबते. तिथली निवडणूकही त्याच साच्यातली आहे. उमेदवाराने आपली जमात जाहीर करायची: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि या तिघांत न बसणारी 'सर्वसाधारण जनता'. हरलेल्यांतून आठ जागा जमातींचा तोल सांभाळायला वाटतात आणि हिशेब धरतात १९७२ च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर जमात विचारणेच बंद झाले. स्वातंत्र्याच्या वेळी अब्दुल रझाक महंमद यांच्या मुस्लिम पक्षाने संरक्षण मागितले, त्यातून ही तरतूद टिकली. अल्पसंख्याक म्हणून त्यांची भीती मी समजू शकते. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली होती. पण संरक्षणासाठी बांधलेल्या भिंतीतून माणसाला बाहेरही पडता येत नाही, हेही तिथेच दिसते.

आता त्या फेट्यांच्या फोटोकडे परत या. मॉरिशसमध्ये 'मराठी' हे भाषेचे नाव उरलेले नाही. ते हिंदूंमधल्या एका समाजाचे नाव आहे. गणेशोत्सव, भजन, मराठीचा तास, मराठी स्पीकिंग युनियन हे सगळे मिळून मराठी. शेजारी उर्दू स्पीकिंग युनियन आहे, ती मुसलमानांची. मराठीच्या तासाला मुसलमान मूल बसेल असे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही, आणि यात कोणाला काही चुकीचेही वाटत नाही. मुंबईहून आलेले पाहुणे, साहित्यिक, मंत्री यांनाही वाटत नाही. उलट त्यांना ते चित्र आवडते, कारण त्यांच्या मनातला मराठी माणूस नेमका तसाच आहे. घरी हवा तसा नमुना मिळत नाही, तो तिथे बेटावर निर्भेळ मिळतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद, चिरागनगरचे अण्णाभाऊ ज्याच्या डफासोबत गात फिरले तो अमर शेख, हमीद दलवाई, आणि कोकणच्या खाड्यांकाठी पिढ्यान्‌पिढ्या मराठीची बोली बोलत आलेली लाखभर घरे, हा सगळा पसारा त्या फोटोत मावत नाही.

आपण नेमके याच साच्याविरुद्ध उभे राहिलो होतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'मुस्लिम' आणि 'मराठी' हे दोन शब्द शेजारी लिहिले तेव्हा प्रस्थापितांना तो फुटीरपणा वाटला आणि आपल्या काही मौलाना मंडळींना तो बाटगेपणा वाटला. दोघांचा आक्षेप एकच होता, हे दोन शब्द एकत्र येतातच कसे? मॉरिशसच्या जनगणनेचा कारकूनही हेच विचारील. १९९५ मध्ये तिकडे पौर्वात्य भाषांवरून संसद विसर्जित होत होती आणि इकडे मार्चमध्ये युतीचे सरकार आले, बॉम्बेचे अधिकृत मुंबई झाले. मुंबई हे नाव आपल्या घरांत कोणाला नवीन होते? माझ्या आजीने जन्मभर 'ममई'च म्हटले. नाव आमच्या तोंडात आधीपासून होते, पण त्या नावाच्या जल्लोषात आम्हांला बोलावणे नव्हते. ९२-९३ च्या जखमा तेव्हा ओल्या होत्या.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच पाहिले. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीचा निकाल दिला. मराठीखाली उर्दूत नाव लिहिले म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मलेली आहे, असे न्यायमूर्ती धुलिया आणि न्यायमूर्ती चंद्रन यांनी स्पष्ट म्हटले आणि पाटी राहिली. दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, महाराष्ट्र सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली. मग जे रण पेटले ते सर्वांना माहीत आहे. सरकारने २९ जूनला आदेश मागे घेतले, नरेंद्र जाधव यांची समिती नेमली, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका मंचावर आले. लहान मुलांवर तीन भाषांचे ओझे कसे टाकता, म्हणून मानसशास्त्रज्ञ, कवी, संपादक सगळे बोलले. मला त्यांचे म्हणणे मान्य आहे. फक्त एवढेच विचारायचे आहे की उर्दू माध्यमाचे मूल पहिलीपासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा आणि दोन उलट दिशांच्या तीन लिप्या कधीपासून ओढते आहे. त्याच्या पाठीवरचे ओझे या दोन-अडीच महिन्यांत एकाही अग्रलेखाला का दिसले नाही? त्या आदेशात आमच्या शाळांचा उल्लेख होता तो एवढाच, की इतर माध्यमांत तीन भाषा आधीच आहेत. म्हणजे तिथे प्रश्न नाही!

पण दुसऱ्यांना बोल लावून मी सुटणार नाही. आपल्या लोकांनी उर्दूचे काय केले? मुशायरे केले. उर्दू घर, उर्दू अकादमी, उर्दू दिन, शाली, शेर. ज्या मंचावरून 'उर्दू हमारी तहज़ीब है' म्हणून टाळ्या घेतल्या जातात त्यावर बसलेल्यांपैकी किती जणांची मुले उर्दू शाळेत आहेत ते हात वर करायला सांगून पाहा. त्यांची मुले कॉन्व्हेंटमध्ये. उर्दू शाळेत कोण येते? जरीकाम करणाऱ्याचे, रिक्षावाल्याचे, बेकरीत राबणाऱ्याचे पोर. माझ्या वर्गातली निम्मी मुले बस्ती, गोंडा, आजमगढकडच्या घरांतली आहेत. घरी अवधी नाही तर भोजपुरी, गल्लीत मुंबईची हिंदी. दोन-चार कोकणी घरांतली आहेत. त्यांच्या अम्मी माझ्याशी 'टीचर, ह्यो काय शिकत नाय, त्याला जरा ओरडा' असे बोलतात आणि शाळेच्या फॉर्मवर मादरी जुबानच्या पुढे लिहितात उर्दू. विचारले तर म्हणतात, मुसलमान आहोत ना, मग उर्दूच लिहायची. हे मॉरिशस नाही तर दुसरे काय? तिथे पुस्ती तरी सरकारने आखून दिली होती, आपण आपल्या हाताने गिरवतो आहोत.

याची किंमत मूल देते. मराठीचा तास माझ्या ओळखीच्या एका शाळेत वर्षानुवर्षे ज्याचा तास रिकामा त्याच्याकडे दिला जातो. कधी पीटीचे सर, कधी चित्रकलेचे. पाठ्यपुस्तक वाचून दाखवायचे, कठीण शब्दांचे अर्थ उर्दू लिपीत लिहून द्यायचे, उत्तरे पाठ करून घ्यायची. मूल दहावीला मराठीत पास होते आणि पोलीस भरतीचा अर्ज समोर आला की घाम फुटतो. तलाठी परीक्षेचा पेपर, वॉर्ड ऑफिसातला अर्ज, कोर्टाची नोटीस, चौकीतला जबाब, सगळे मराठीत. चौकीतला जबाब तर खासच. आपण सही कशाखाली करतो आहोत हे वाचता न येणे ही काय चीज आहे ते जोगेश्वरीत किंवा मालवणीत राहणाऱ्या आईला समजावून सांगावे लागत नाही. मराठी ही आपल्यासाठी अस्मितेच्या आधी हिफाजतीची गोष्ट आहे, हे आपल्या साहित्यिक व्यासपीठांवरून पुरेसे बोलले गेले नाही, अशी माझी तक्रार आहे. आपण शेख महंमदांचे दाखले देतो, मराठीपणाचा पुरावा प्रस्थापितांपुढे ठेवतो. पुरावा किती दिवस देत बसायचे? चौथीतल्या मुलाला एक उतारा स्वतःच्या शब्दांत लिहिता यावा यासाठी आपल्या परिषदेने कधी ठराव केला, तर त्याला माझे अनुमोदन धरा.

यावर लगेच सल्ला येतो, मग उर्दू शाळा बंदच करा. सल्ला देणाऱ्यांत आपले पुरोगामी मित्रही असतात. माझे उत्तर साफ नाही असे आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण हा घटनेच्या ३५० अ कलमाने अल्पसंख्याकांच्या मुलांना दिलेला आधार आहे, आणि ज्या घरांत खरोखर उर्दू बोलतात, किंवा उर्दूच्या इतकी जवळची हिंदी बोलतात, त्यांच्यासाठी ती शाळा हाच रस्ता आहे. उर्दू शाळा बंद पडली की मुलगी मराठी शाळेत जात नाही, पुष्कळदा घरीच बसते. मला हवे आहेत उर्दू शाळेत मराठीचेच पदवीधर, मराठीचेच बी.एड. शिक्षक. तासाला बसवलेला पाहुणा नको. आणि मराठी शाळेत उर्दू हा एक साधा ऐच्छिक विषय म्हणून हवा, ज्याला गझल आवडते त्या मुलुंडच्या कुलकर्ण्यांच्या मुलीनेही घ्यावा असा. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर उर्दू, खालच्या मजल्यावर मराठी. जिना एकच आहे. पण मराठीची बाई वर येत नाही आणि उर्दूची मुले खाली जात नाहीत. फार तर मधल्या सुट्टीत नळावर भेटतात. एका इमारतीत आपण छोटेसे मॉरिशस बांधून ठेवले आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. आता निधी येईल, अध्यासने होतील, परदेशी मराठी मंडळांना पुस्तके जातील, मॉरिशसलाही जातील. जाऊ देत. त्यातली दोन खोकी वरच्या मजल्यावर आणून द्यावीत एवढे मागणे आहे. गोष्टींची पुस्तके हवीत, बालभारती आमच्याकडे आहे.

आणि येते आहे जनगणना. २०११ नंतरची ही मोजणी २०२७ साठी जाहीर झाली आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात सांगितले जाईल, जुमाच्या नमाजनंतर पत्रके वाटली जातील की मादरी जुबान उर्दूच लिहा, नाही तर आपली संख्या कमी दिसेल. ज्यांच्या घरात उर्दू आहे त्यांनी जरूर उर्दू लिहावी. पण श्रीवर्धन-म्हसळ्याच्या, राजापूर-रत्नागिरीच्या ज्या घरांत आई मुलाला कोकणीत रागे भरते, त्यांनी पणजोबाला लखनौला पाठवू नये. मागच्या वेळी त्या फॉर्मवर मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषांसाठी जागा होती. उर्दू येते, तर तिथे उर्दू लिहिता येते. प्रगणक म्हणून बहुधा आमच्यापैकीच कोणी शिक्षक दारात उभा असेल. त्याला दिवसात ठरलेली घरे संपवायची असतात, नाव विचारले की भाषेचा रकाना तो स्वतःच भरून मोकळा होतो. त्याला आत बोलवा, पाणी द्या, आणि त्या रकान्यात त्याने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगा.